डॉक्टरसाहेब, तेवढी यादी वाचा!

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक आणि मागे एक डॉक्टर हमखास असतो. त्यामुळे हा लेख छापून आल्यावर माझ्या ताटात श्रीखंड पडेल की नाही, शंकाच आहे. तसंही ते मला आता वर्ज्यच आहे. का, ते सांगतो.

२०१७ साली मी ३८ वर्षांचा होतो. उंची पाच फूट आठ इंच, वजन १५५ पौंड, वडिलांना मधुमेह. वार्षिक तपासणीत डॉक्टरांना विचारलं, "साखर तपासायची का?" ते हसून म्हणाले, "तुला काय गरज? सडपातळ तर आहेस!" मी खूश. २०२१ साली भलत्याच कारणासाठी रक्त तपासलं, तर एचबीएवनसी ७.९! साडेसहापासून मधुमेह धरतात.

त्या रात्री जागून वाचून काढलं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ सालीच सांगून ठेवलं होतं की आशियाई वंशाच्या माणसाचा बीएमआय २५ होण्याची वाट पाहू नका. घरात मधुमेह असेल तर २३ लाच तपासणीचा विचार करा. आपल्याला हा रोग कमी वजनातच गाठतो. माझा बीएमआय होता साडेतेवीस.

हे मी आपल्याच एका डॉक्टर मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "अरे, गाइडलाइन म्हणजे पाककृतीचं पुस्तक. प्रत्येक पेशंट वेगळा असतो."

मित्रा, इथेच तर गोम आहे! मी वेगळा आहे हे त्या पुस्तकाला ठाऊक होतं. तुमच्या अनुभवी नजरेने मात्र मला गोऱ्यांच्या मापाने मोजलं.

हे फक्त माझंच रडगाणं नाही. अमेरिकेतल्या प्रौढांना शिफारस केलेल्या उपचारांपैकी जेमतेम ५५ टक्केच मिळतात, असं २००३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आलं. पुढे मिशिगनच्या अतिदक्षता विभागांत डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांची साधी यादी वापरली गेली. हात धुवा, त्वचा जंतुनाशकाने पुसा, अशा प्रत्येक डॉक्टरला पाठ असलेल्या गोष्टी. तरीही दीड वर्षात शिरेतल्या नळीमुळे होणारा रक्ताचा संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटला. माहिती होतीच, पाळली जात नव्हती.

मराठी वडिलांचे सुपुत्र डॉ. अतुल गावंडे यांनी तर गंमतच सांगितली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची यादी वापरून पाहिलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांना ती कटकट वाटली. पण "ऑपरेशन तुमचं असेल तर?" असं विचारल्यावर ९३ टक्के म्हणाले, यादी हवीच!

मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. आजही नवा रिलीज करताना चेकलिस्टवर एकेक खूण करतो. यात मला कधी कमीपणा वाटला नाही. आमचं चुकलं तर रात्री सर्व्हर बंद पडतो. तुमचं चुकलं तर माणूस बंद पडतो.

आता दुसरी बाजू. गाइडलाइन्स ढीगभर आहेत, बदलतात, कधी चुकतातही, आणि पेशंटसाठी मिळतात पंधरा मिनिटं. सगळं मान्य. कॅनडात ऑन्टारिओच्या १०१ हॉस्पिटलांत शस्त्रक्रियेची यादी सक्तीची केली, तरी मृत्यू लक्षणीय घटले नाहीत, असं २०१४ साली दिसून आलं. पण त्यातून मी एवढंच शिकलो की मन नसेल तर नुसत्या खुणा करून भागत नाही. म्हणजे प्रश्न कागदाचा नाही, वृत्तीचा आहे.

म्हणून डॉक्टर मित्रांनो, नियम जरूर मोडा, पण आधी तो वाचा आणि का मोडला ते पेशंटच्या फाइलमध्ये लिहा. एवढंच मागणं आहे.

आणि बाकीच्या मंडळींनो, "डॉक्टरांना कसं विचारायचं?" हा संकोच आता सोडा. पुढच्या भेटीत सरळ विचारा, "आमच्यासारख्यांसाठी गाइडलाइन काय सांगते? आणि तुम्ही वेगळं करताय, ते का?" मी २०१७ साली एक प्रश्न विचारून गप्प बसलो. दुसरा विचारला असता, तर कदाचित माझी चार वर्षं वाचली असती.