अरबी शिकून काय हशील?

आमच्या बी. ए.च्या शेवटच्या वर्गातील एक विद्यार्थी गेल्या सहामाहीत म्हणाला, "सर, मला पुढे अरब देशांच्या राजकारणाचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी अरबी शिकावी म्हणतो." वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "अरे, अरबी शिकून काय हशील?"

गंमत अशी की, प्रश्न विचारणारा नकळत अरबीच बोलून गेला होता. 'हशील' हा शब्द अरबी 'हासिल'वरून आला. ह-स-ल या तीन व्यंजनांचा तो धातू. हाती येणे, गोळा होणे हा त्याचा अर्थ. त्याच धातूपासून 'महसूल' झाला आणि 'तहसील'ही. हे शब्द फारसीच्या वाटेने दख्खनेत आले आणि पार घरचे होऊन बसले. या अंकाच्या मराठी विभागात कोणी 'अर्ज' लिहील आणि कन्नड विभागात कोणी 'अर्जी'. दोघांनाही तो शब्द परका वाटणार नाही. सीमाभागात मराठी-कन्नडाचे वाद कितीही असोत, कचेरीची पायरी चढल्यावर जिल्हा, तालुका, वकील म्हणताना दोघेही अरबीच्या ऋणात असतात.

पण 'तहसील' शब्दाची एक बाजू आपल्याकडे आलीच नाही. आपल्या लेखी तहसील म्हणजे सारावसुलीची कचेरी. अरबीत मात्र करवसुलीला जसे तहसील म्हणतात, तसेच विद्या संपादन करण्यालाही म्हणतात. परक्या समाजाच्या अभ्यासाचेही मला हेच दोन प्रकार दिसतात. एक वसुलीचा, दुसरा विद्येचा.

वसुलीच्या अभ्यासाचा मासला पाहावा. १७९८ साली नेपोलियनने इजिप्तवर स्वारी केली, तेव्हा तोफांबरोबर दीडशेहून अधिक विद्वान आणि तंत्रज्ञही नेले. त्यांनी त्या देशाची मोजणी, नोंदणी, चित्रण केले आणि १८०९ पासून त्याचे भव्य ग्रंथ निघू लागले. ज्ञान म्हणून ते मोलाचे, यात शंका नाही. पण ते सैन्याच्या पाठोपाठ आलेले ज्ञान होते. दुसरे उदाहरण अलीकडचे. ब्रिटिशांनी १९४४ मध्ये जेरुसलेम येथे अरबी शिकवण्याचे एक केंद्र काढले. १९४७ मध्ये ते लेबनॉनच्या डोंगरातील शेमलान गावी हलवले आणि १९७८ पर्यंत ते चालले. तेथे मुत्सद्दी व अधिकारी अरबी शिकत. शिक्षणाचा दर्जाही उत्तम होता. तरी आसपासचे लोक त्याला 'हेरांची शाळा' म्हणत. भाषा शिकणाऱ्याकडे भाषेचे धनी अशा नजरेने पाहू लागले, तर त्या अभ्यासात कोठेतरी पाणी मुरते आहे, असे समजावे.

ज्या १९७८ साली ते केंद्र बंद पडले, त्याच साली एडवर्ड सईद यांचा 'ओरिएंटॅलिझम' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. जेरुसलेममध्ये जन्मलेले सईद न्यूयॉर्कमध्ये साहित्य शिकवत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, युरोपने 'पूर्व' नावाची एक प्रतिमा रचली, आळशी, गूढ, न बदलणारी. आणि त्या प्रतिमेने राज्य करणाऱ्यांचे काम सोपे केले. या ग्रंथावर पुष्कळ वाद झाले. परंतु त्यानंतर परक्या समाजावर लिहिणाऱ्याला 'तू कोणासाठी लिहितोस?' हा प्रश्न चुकवता येईनासा झाला.

मात्र यावरून परक्याने अभ्यासच करू नये, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मला मान्य नाही. एडवर्ड लेन या इंग्रजाचेच पाहा. इजिप्शियनांच्या चालीरीतींवरील त्याच्या पुस्तकावर सईदांनी कठोर टीका केली आणि ती वाचण्याजोगी आहे. पण त्याच लेनने कैरोत एका शेखाबरोबर जुन्या अरबी कोशांचे पान न् पान वाचून एक अरबी-इंग्रजी कोश रचला. १८६३ पासून त्याचे भाग निघू लागले, १८७६ मध्ये लेन वारला तेव्हाही काम अपुरेच होते. आज दीड शतक लोटले तरी अभ्यासकांना तो कोश उघडावा लागतो. परक्याच्या हातूनही विद्येची तहसील घडते. अट एकच: शिकवणाऱ्यापुढे शिष्य म्हणून बसले पाहिजे.

आता कोणी म्हणेल, राजकारणाच्या अभ्यासाला भाषा कशाला? इंग्रजीत सर्व मिळते. याला माझे उत्तर दोन शब्दांतून देतो.

अरबीत राष्ट्रवादाला दोन शब्द आहेत. 'कौम'वरून 'कौमिया', म्हणजे सर्व अरबी भाषकांचे एक राष्ट्र मानणारी भावना. आणि 'वतन'वरून 'वतनिया', म्हणजे आपल्या भूमीची, आपल्या देशाची निष्ठा. कौम आणि वतन हे दोन्ही शब्द आपल्याला ठाऊक आहेत. वतनासाठी आपल्याकडे किती भाऊबंदक्या झाल्या हेही ठाऊक आहे. १९५८ मध्ये इजिप्त आणि सीरिया यांचे एक संयुक्त प्रजासत्ताक झाले, ते कौमियाच्या लाटेवर. १९६१ मध्ये दमास्कसला लष्करी उठाव होऊन ते मोडले. सारी सत्ता कैरोकडे जाते ही सीरियातील खदखद त्यामागे होती. इंग्रजीत दोन्हींना बहुधा एकच शब्द वापरतात. मग आमचा विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो, 'राष्ट्रवादाने ते एकत्र आले व राष्ट्रवादामुळे वेगळे झाले', आणि आपण काय लिहिले हे त्याला स्वतःलाच उमगत नाही.

दुसरा शब्द 'निजाम'. आपल्याला तो हैदराबादमुळे माहीत. अरबीत त्याचा अर्थ व्यवस्था, राज्यपद्धती. २०११ मध्ये ट्यूनिस आणि कैरोच्या रस्त्यांवर घोषणा उठली ती 'लोकांना निजाम उलथलेला हवा' अशी होती. ११ फेब्रुवारी २०११ रोजी मुबारक पायउतार झाले आणि क्रांती झाली असे जगाने मानले. जुलै २०१३ मध्ये लष्कराने निवडून आलेल्या अध्यक्षांना दूर केले, तेव्हा अनेकांना धक्का बसला. घोषणेतील शब्द नीट ऐकला असता तर आधीच विचारता आले असते, की माणूस गेला, पण निजाम गेला का?

आपली अडचण अशी की, आपण ना वसुली करतो, ना विद्या. दुसऱ्याने गोळा केलेले उसने घेतो. बेळगावात बसून अरबस्थानाला 'मध्यपूर्व' म्हणतो. वास्तविक तो प्रदेश आपल्या पश्चिमेला आहे. विद्यापीठांतूनही भाषा एका घरात आणि राजकारण दुसऱ्या घरात अशी वाटणी दिसते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अरबीचे केंद्र भाषाशाखेत आहे, तर पश्चिम आशियाचे केंद्र आंतरराष्ट्रीय अभ्यासशाखेत. अरबीचा विद्यार्थी काव्य वाचतो, राजकारणाचा विद्यार्थी इंग्रजी वृत्तपत्र वाचतो. या दोघांची गाठ पडली पाहिजे.

आणि एक तिसराही आहे. कोकणातून, गोव्यातून, आपल्या भागातूनही माणसे आखाती देशांत कामाला जातात. दहा-बारा वर्षे राहून परतलेल्या मिस्त्रीला किंवा ड्रायव्हरला कामापुरती अरबी येते. मालक कसा बोलतो, पगार का अडतो, कोणत्या गोष्टीला कोण घाबरतो हे त्याने पाहिलेले असते. त्याने बरोबर काय आणले हे आपण विचारतो. काय पाहिले हे विचारत नाही. राज्यशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याने वही घेऊन अशा माणसासमोर बसावे. मला वाटते, अभ्यासाचा पहिला धडा तेथेच मिळेल.

त्या विद्यार्थ्याने सध्या लिपीपासून सुरुवात केली आहे. उजवीकडून डावीकडे लिहिताना शाई हाताला लागते, अशी त्याची तक्रार असते. मागच्या बाकावरचा मित्र अजून हसतो, पण परवा त्यानेच वही ओढून विचारले, "यात 'हशील' कसे लिहितात, दाखव."