तेलातला कण आणि झाकणाखालचे सील

५ मे १९८३ रोजी सकाळी ईस्टर्न एअर लाइन्सचे फ्लाइट ८५५ मायामीहून नासाऊला निघाले. लॉकहीड ट्रायस्टार विमान, १६२ प्रवासी, १० कर्मचारी. नासाऊसाठी उतरायला सुरुवात केल्यावर मधल्या इंजिनाचा तेलदाब घसरला. वैमानिकांनी ते इंजिन बंद केले आणि ते मायामीकडे परत वळले. पाठोपाठ तिन्ही इंजिनांचे तेलमापक शून्यावर आले. तीन वेगळी इंजिने, तीन वेगळ्या तेलटाक्या, आणि तिन्ही एकदम रिकाम्या हे पटण्यासारखे नव्हते. कॉकपिटमध्ये मापकांवरच संशय घेतला गेला. मापक खरे सांगत होते. उरलेली दोन्ही इंजिने एकामागून एक थांबली आणि विमान सुमारे १३,००० फुटांवरून ४,००० फुटांपर्यंत इंजिनांविना घसरत आले. प्रवाशांना समुद्रावर उतरण्याची तयारी करायला सांगण्यात आले होते. त्याच वेळी, आधी बंद केलेले मधले इंजिन पुन्हा सुरू झाले आणि त्या एकाच इंजिनावर विमान मायामीला सुखरूप उतरले.

आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाने या घटनेची सुरुवात नीट पाहावी. आदल्या रात्री हँगरमध्ये तिन्ही इंजिनांचे मास्टर चिप डिटेक्टर काढून तपासणीसाठी घेतले गेले आणि त्या जागी दुसरे बसवले गेले. तेलात धातूचे कण दिसतात का, बेअरिंग झिजते आहे का, हे वेळीच कळावे म्हणून ईस्टर्नमध्ये हे काम ठरावीक उड्डाणतासांनी नेमाने होत असे. एरवी डिटेक्टर हाती येत तेव्हा त्यांच्यावर ओ-रिंग आधीच चढवलेल्या असत. त्या रात्री आलेल्या डिटेक्टरवर त्या नव्हत्या. वापरण्यायोग्य असल्याचा टॅग मात्र होता. ओ-रिंग बसवण्याची सूचना टास्क कार्डावर छापलेली होती, पण हात सवयीने चालले. नंतर स्टार्टरवर इंजिन काही सेकंद फिरवून गळती पाहिली गेली. तेवढ्या वेळात तेलाला बाहेर यायला पुरेसा दाब मिळाला नाही, त्यामुळे काही दिसले नाही. आकाशात पूर्ण दाबावर मात्र तेल डिटेक्टरच्या कडेने बाहेर जात राहिले.

तिन्ही इंजिने निरोगी होती. त्यांना झालेली इजा तपासणीने केली.

अमेरिकेच्या एनटीएसबीने दोष केवळ त्या रात्रीच्या मेकॅनिकांवर ठेवला नाही, आणि ते योग्यच झाले. त्याआधीच्या दोन वर्षांच्या आत याच कंपनीत चिप डिटेक्टर आणि ओ-रिंग यांच्यामुळे इंजिन बंद पडण्याच्या किंवा विमान उतरवावे लागण्याच्या बारा घटना घडलेल्या होत्या. प्रत्येक वेळी कुणाला तरी समज दिली गेली असेल, एखादे परिपत्रक निघाले असेल. पण कार्डाप्रमाणे काम होते की नाही हे पर्यवेक्षकांनी काटेकोरपणे पाहिले नाही आणि त्या बारा घटनांचा अर्थ व्यवस्थापनाने लावला नाही, असे अहवालाने स्पष्ट म्हटले.

बारा वर्षांनी, २३ फेब्रुवारी १९९५ रोजी, इंग्लंडमध्ये ईस्ट मिडलंड्सहून लान्सारोटेला निघालेल्या ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७-४०० मध्ये दोन्ही इंजिनांचा तेलदाब गेला. रात्री दोन्ही इंजिनांची बोअरस्कोप तपासणी झाली होती. त्यासाठी काढलेली रोटर ड्राइव्हची झाकणे परत बसवलीच गेली नव्हती, आणि नंतरचा ग्राउंड रनही झाला नव्हता. विमान लूटनला उतरले म्हणून माणसे वाचली. दोन्ही ठिकाणी एकाच पाळीत, एकाच समजुतीने, सगळ्या इंजिनांवर तेच काम झाले होते. लांब समुद्रपल्ल्याच्या ईटॉप्स उड्डाणांसाठी दोन्ही इंजिनांवरचे सारखे काम एकाच माणसाने एकाच खेपेत करू नये, हा नियम अशाच अनुभवांतून पक्का झाला. आमचे म्हणणे असे की तेलसंस्थेच्या बाबतीत हा नियम ईटॉप्सपुरता ठेवू नये. दोन इंजिनांच्या छोट्या विमानालाही तो तितकाच लागू आहे. मनुष्यबळ कमी आहे हे कारण आम्ही जाणतो. पण दुसरे इंजिन दुसऱ्या दिवशी उघडायला जास्त माणूस लागत नाही, नियोजन लागते.

उघडण्या-बंद करण्याचा भार धातूवरही पडतो. १२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात कूगर कंपनीचे सिकोर्स्की एस-९२ हेलिकॉप्टर कोसळले आणि अठरापैकी सतरा जण गेले. मुख्य गिअरबॉक्सच्या तेलफिल्टरची वाटी धरणारे टायटॅनियमचे स्टड तुटले आणि सगळे तेल निघून गेले. फिल्टर बदलण्याची वेळ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा आली, दर वेळी नट काढताना-लावताना स्टडच्या आट्यांवर ओरखडे पडत गेले, त्यामुळे आवळणीचा ताण कमी झाला आणि स्टड थकून तुटले. टॉर्क रेंचवरचा आकडा बरोबर असतानाही जोडणी सैल असू शकते, ही गोष्ट या अपघाताने शिकवली. आट्या खरखरीत लागल्या, नट अडखळत फिरला, तर तिथेच थांबायचे आणि स्टड बदलायचा. वेळापत्रक मागे लागलेले असते तेव्हा हे सांगणे कठीण असते हे खरे, पण नट कसा फिरतो हे हातात पाना धरणाऱ्यालाच कळते.

आता कणांकडे वळू. कूगरनंतर वीस दिवसांनी, १ एप्रिल २००९ रोजी, उत्तर समुद्रातल्या मिलर प्लॅटफॉर्मवरून परतणारे एएस३३२ एल२ सुपर प्यूमा पीटरहेडजवळ कोसळले आणि त्यातले सोळाही जण मृत्युमुखी पडले. गिअरबॉक्समधले दुसऱ्या टप्प्याचे प्लॅनेट गिअर तुटले होते. अपघाताच्या ३६ उड्डाणतास आधी, २५ मार्चला, एपिसायक्लिक मॉड्यूलच्या चिप डिटेक्टरवर एक कण सापडला होता. कण सापडला, काढला गेला, त्यावर बोलणे झाले. पण ऑपरेटर आणि उत्पादक यांच्यातले संभाषण फोनवर आणि ई-मेलवर झाले, दोघांच्या मनात वेगवेगळी चित्रे राहिली, आणि तो कण गिअर झिजत असल्याची खूण म्हणून ओळखला गेला नाही. त्यानंतर एकही कण डिटेक्टरवर आला नाही. मॉड्यूलच्या आत तेलाच्या वाटेवर बसवलेल्या चुंबकांमुळे चुरा डिटेक्टरपर्यंत पोहोचण्याची शक्यताच कमी झाली होती. जुहूहून मुंबई हायला जाणाऱ्या हेलिकॉप्टरांवर काम करणाऱ्या आमच्या वाचकांना हा अहवाल पुन्हा वाचा असे सांगायची गरज पडू नये, तरीही सांगतो. पुढचे तास कोरे गेले म्हणून आधीचा कण रद्द होत नाही.

शिवाय कण न सापडणे हेही नेहमी आश्वासक नसते. २०१६ मध्ये नॉर्वेत तुरॉय बेटाजवळ ईसी२२५ कोसळले तेव्हाही प्लॅनेट गिअरच तुटले होते, आणि तडा मुख्यतः पृष्ठभागाखालून वाढत गेल्याने डिटेक्टरने इशाराच दिला नव्हता. तेरा जण गेले. प्रत्येक साधनाला आपापली हद्द आहे. स्पेक्ट्रोमीटरला साधारण आठ-दहा मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण दिसतात, त्याहून मोठे त्याच्या नजरेतून निसटतात. चिप डिटेक्टर मोठे आणि तेही चुंबकाला चिकटणारे कण पकडतो. मधल्या आकाराचे कण आणि पितळ, ब्रॉन्झ, ॲल्युमिनियम यांचा चुरा सापडायची खरी जागा म्हणजे फिल्टर. प्रयोगशाळेचा अहवाल चांगला आला म्हणून फिल्टर न कापणे, किंवा डिटेक्टर स्वच्छ म्हणून नमुना न पाठवणे, या दोन्ही सवयी सोडायला हव्यात.

राज्यातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांत, बारामती असो, धुळे असो की गोंदिया, सेसना १५२, १७२ आणि तशा विमानांच्या पिस्टन इंजिनांवर हे काम रोज चालते. तिथल्या तरुण टेक्निशियनांसाठी थोडे विस्ताराने लिहितो. फिल्टर कधीही हॅकसॉने कापू नका. करवतीचाच कीस घड्यांत जातो आणि नसलेला रोग दिसतो. डबा कापायचे कटर वापरा, कागद पूर्ण उलगडा, स्वच्छ सॉल्व्हंटमध्ये धुवा, गाळून घ्या आणि मग चुंबक फिरवा. चुंबकाला आले ते लोखंड-पोलाद. पिवळसर ते बुशचे ब्रॉन्झ किंवा पितळ. चकचकीत, मऊ, चुंबकाला न येणारे ते बहुधा ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा पिस्टन-पिनच्या प्लगची शंका. काळे खडे नखाने दाबून पाहा. भुगा झाला तर तो कार्बन. दहापट भिंगाखाली बारीक केसाळ फझ आणि पापुद्र्यासारखे सपाट तुकडे यांतला फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. पापुद्रे म्हणजे पृष्ठभाग सुटू लागला आहे. लायकमिंगच्या सम्पमधली सक्शन स्क्रीनही दर वेळी काढा. मोठे तुकडे तिथे थांबतात आणि नेमकी तीच जागा घाईत राहून जाते.

प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना शिशाच्या आकड्याने घाबरू नका. १००एलएल पेट्रोलमधले शिसे तेलात उतरतेच, त्यावरून बेअरिंगचा निष्कर्ष निघत नाही. सिलिकॉन वाढले आणि त्यासोबत लोह किंवा क्रोमियमही चढले, तर एअर फिल्टर आणि त्याची बैठक आधी तपासा. मार्च ते मे या काळात विदर्भ-मराठवाड्यातल्या धुळीत ही गळती इंजिन खाऊन टाकते. सिलिकॉन एकटेच वाढले असेल तर नुकतेच कुठे सीलंट लावले होते का ते आठवा. नमुना इंजिन गरम असताना, बंद केल्यावर लगेच, तेल उपसताना मधल्या धारेतून आणि दर वेळी त्याच जागेतून घ्या. आधी किती तेल भरले तेही लिहा, नाहीतर नव्या तेलाने पातळ झालेला आकडा सुधारणेसारखा दिसेल. एका अहवालावरून फारसे कळत नाही. त्याच इंजिनाचे मागचे पाच-सहा अहवाल शेजारी ठेवले की चढ दिसतो.

पावसाळ्याचा मुद्दा आमच्या मते सगळ्यांत दुर्लक्षित आहे. जून ते सप्टेंबर विमाने आठवडेच्या आठवडे उभी राहतात. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर असतो. इंजिन थांबले की त्यावरचे तेल निथळून खाली जाते आणि दमट हवेत कॅम आणि टॅपेट उघडे पडतात. गंजाचे बारीक खड्डे पडतात, ऑक्टोबरमध्ये उड्डाणे सुरू झाली की तेच खड्डे पापुद्रे होऊन सुटतात, आणि डिसेंबरच्या फिल्टरमध्ये पोलादाचा चुरा येतो. त्या वेळी कुणाला जुलै आठवत नाही. आठवड्यातून एकदा जमिनीवर दहा मिनिटे इंजिन चालवले की काळजी मिटली, ही समजूत चुकीची आहे. तेवढ्या वेळात तेल पुरेसे तापत नाही, ज्वलनातून आलेले पाणी आणि आम्ले तेलातच राहतात आणि गंजाला मदतच होते. एकतर विमान इतका वेळ उडवावे की तेलाचे तापमान ८० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचून तिथे टिकेल, नाहीतर उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे इंजिन रीतसर प्रिझर्व्ह करून ठेवावे. संस्थाचालकांना प्रिझर्व्हेशनचे तेल आणि डेसिकंट प्लग खर्चिक वाटतात. नवा कॅमशाफ्ट आणि त्यासाठी उघडावे लागणारे क्रँककेस यांच्यासमोर तो खर्च मांडून पाहावा आणि यंदा मे महिन्यातच निर्णय घ्यावा.

टास्क कार्डांबद्दल आमच्या दोन मागण्या आहेत. ओ-रिंग बसवली, याच्यासाठी स्वतंत्र रकाना आणि स्वतंत्र सही असावी. जुनी ओ-रिंग काढल्याचीही नोंद असावी, कारण जुनी आत चिकटून राहिली आणि वर नवी बसली तरीही गळती होते. आणि तेलसंस्था उघडली की, उड्डाण कितीही लवकर असो, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ आणि दिलेली गती गाठून गळती तपासल्याशिवाय विमान सोडू नये. स्टार्टरवर चार फेऱ्या म्हणजे लीक चेक नव्हे.

सापडलेला चुरा फेकू नका. छोट्या पिशवीत घालून, तारीख, इंजिनाचे तास, कुठल्या स्क्रीन किंवा डिटेक्टरवर मिळाला आणि काय निर्णय झाला ते लिहून लॉगबुकसोबत ठेवा. पाळी बदलताना तो पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि तोंडी सांगितलेले कागदावरही उतरवा. पुढील अंकापासून वाचकांनी पाठवलेल्या चुऱ्याच्या छायाचित्रांसाठी आम्ही एक पान राखून ठेवत आहोत. छायाचित्रात शेजारी मिलिमीटरची पट्टी असावी, आणि विमानाची नोंदणी व संस्थेचे नाव झाकलेले असावे. इंजिनाचा प्रकार, ओव्हरहॉलनंतरचे तास, चुंबकाचा निकाल आणि पुढे इंजिन उघडल्यावर काय आढळले, एवढे सोबत लिहावे. इंजिन उघडावे लागले नाही आणि कण पुन्हा आले नाहीत, अशी प्रकरणेही पाठवावीत. तीही आम्हाला तितकीच हवी आहेत.