चूक कोणी सांगायची?

गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गात वादविवाद झाला. विषय होता, ‘विकासासाठी देशात एकच पक्ष असावा’. बाजूने बोलणाऱ्या विद्यार्थ्याने व्हिएतनामचे उदाहरण दिले. तिथे १९७६ पासून संपूर्ण देशावर एकाच पक्षाची सत्ता आहे, सरकार पडण्याची भीती नाही आणि तिथल्या कारखान्यांचा माल जगभर जातो! टाळ्या भरपूर पडल्या. नंतर काही पालकही म्हणाले, “मॅडम, मुलगा खरं तेच बोलला.”

त्याचे म्हणणे निम्मे खरे आहे, हे आधी मान्य करते. त्या देशाने शिक्षणाकडे मनापासून लक्ष दिले. २०१२ च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत तिथल्या पंधरा वर्षांच्या मुलांनी गणित आणि विज्ञानात अनेक श्रीमंत देशांना मागे टाकले. वरून ठरले की काम गावोगावी पोहोचते, ही त्या व्यवस्थेची ताकद आहे.

पण वरचे ठरवणेच चुकले तर?

१९६६ साली उत्तर व्हिएतनाममध्ये शेती सामूहिक होती. पीक सर्वांचे, त्यामुळे जीव ओतून राबायला कोणी तयार नसे. हनोईजवळच्या विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गॉक यांनी एक साधा उपाय केला. जमीन कुटुंबांना कसायला द्यायची. ठरलेला वाटा सहकारी संस्थेला द्यायचा आणि उरलेले धान्य घरात ठेवायचे. उत्पादन वाढले. पण हे पक्षाच्या विचारसरणीत बसत नव्हते. १९६८ मध्ये ज्येष्ठ नेते त्रुओंग चिन्ह यांनी त्यावर कडक टीका केली. किम न्गॉक यांना आपली ‘चूक’ कबूल करावी लागली आणि प्रयोग थांबला.

किम न्गॉक १९७९ मध्ये वारले. तोवर देशात धान्याची टंचाई होती. १९८१ मध्ये पक्षाने तशाच कराराला मर्यादित परवानगी दिली. पुढे महागाई वर्षाला शेकडो टक्क्यांनी वाढू लागली. तेव्हा कुठे डिसेंबर १९८६ च्या अधिवेशनात ‘दोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचे धोरण आले. ते आणण्यात पुढाकार कोणाचा? त्याच त्रुओंग चिन्ह यांचा! १९८८ मध्ये शेतीचा कारभार कुटुंबांच्या हाती आला आणि १९८९ मध्ये त्याच देशाने चौदा लाख टनांच्या आसपास तांदूळ निर्यात केला.

म्हणजे औषध १९६६ मध्येच सापडले होते. ते देशाला मिळायला वीस वर्षे लागली, कारण नेत्यांचे मत बदलेपर्यंत ‘हे चुकते आहे’ असे उघडपणे म्हणायला दुसरा पक्ष नव्हता, मोकळे वर्तमानपत्र नव्हते. शेतकऱ्याला कळत होते, पण त्याचे मत मोजले जात नव्हते. तेव्हा ती भरभराट एकाच पक्षामुळे झाली, असे म्हणताना ती इतकी उशिरा का झाली, हेही विचारायला हवे.

आपणही फार शहाणे आहोत असे नाही. परवाने आणि कोट्यांचा आपला कारभार १९९१ पर्यंत चालला. फरक एवढाच की आपल्याकडे त्याला नावे ठेवणारे विरोधी पक्ष संसदेत होते आणि त्यांना बोलल्याबद्दल माफी मागावी लागत नव्हती.

हे सांगताना माझीही एक गोष्ट आठवते. संगणकाला वेळ हवा म्हणून मी मराठी वाचनाची तासिका बंद केली. एका शिक्षिकेने त्याच आठवड्यात विरोध केला. मी ऐकले नाही. मुले मराठीचा उतारा अडखळत वाचू लागली, तेव्हा दोन वर्षांनी तासिका परत सुरू केली. खुर्चीवर बसले की ऐकू कमी येते, हा माझा अनुभव आहे.

म्हणून विश्वस्तांना विनंती आहे की शाळेचे वार्षिक नियोजन मंजूर करण्याआधी पालकांचे आणि विद्यार्थी प्रतिनिधींचे आक्षेप लेखी मागवावेत आणि बैठकीत वाचावेत. आणि वादविवादात टाळ्या मिळवणाऱ्या त्या विद्यार्थ्याला सांगते, पुढच्या वेळी विरुद्ध बाजूने बोलून पाहा. आपल्याकडे ते करता येते.