गाठ निघाली, पण घाई कशाची?

पंचविशी-तिशीतल्या मुलीच्या सोनोग्राफीत गर्भाशयाला गाठ, म्हणजे फायब्रॉइड दिसला, की ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत सल्ले सुरू होतात. लग्न व्हायचं असेल तर उरकून घ्या म्हणतात. लग्न झालेलं असेल तर आता मूल लांबवू नका म्हणतात. एक-दोन मुलं झालेली असतील तर सल्ला आणखी थेट असतो: पिशवी काढून टाका, कटकट कायमची मिटेल. हे सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, यात शंका नाही. पण या सगळ्या सल्ल्यांत एकच चुकीची गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे हातात वेळ नाही. बहुतेक तरुण मुलींच्या बाबतीत वेळ असतो. तो वेळ तिला मिळवून देणं आणि त्या वेळात नीट माहिती देणं हे डॉक्टरांचं आणि घरच्यांचं पहिलं काम आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

फायब्रॉइड ही गर्भाशयाच्या भिंतीतल्या स्नायूंची वाढ आहे, कर्करोग नव्हे. ती किती सर्रास आढळते, याची कल्पना बहुतेकांना नसते. अमेरिकेत 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तक्रार असो वा नसो, निवडलेल्या स्त्रियांची सोनोग्राफी करून पाहिली गेली. पन्नाशीपर्यंत गौरवर्णीय स्त्रियांत सुमारे 70 टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांत 80 टक्क्यांहून जास्त जणींना गाठी होतात, असा अंदाज त्यातून निघाला. हे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण गाठ असूनही आयुष्यभर तिचा पत्ता न लागलेल्या स्त्रिया असंख्य आहेत, एवढं त्यावरून नक्की म्हणता येतं. सोनोग्राफी हल्ली तालुक्याच्या गावीही होते, त्यामुळे पूर्वी कळली नसती अशी गाठ आता बाविसाव्या वर्षी कळते. ती लवकर कळली, एवढ्यानं ती गंभीर ठरत नाही.

"पण वाढली तर?" हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात 72 स्त्रियांच्या 262 गाठी वर्षभर एमआरआयवर मोजल्या गेल्या. सहा महिन्यांत गाठ सरासरी 9 टक्क्यांच्या आसपास वाढत होती. पण काही गाठी दुपटीहून मोठ्या झाल्या, तर काही आपोआप आकसल्या. एकाच स्त्रीच्या दोन गाठीसुद्धा वेगवेगळ्या गतीनं वाढत होत्या. म्हणजे आज तीन सेंटिमीटरची गाठ पुढच्या वर्षी किती होईल, हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते दर काही महिन्यांनी पुन्हा पाहूनच कळतं. गाठ विरघळवण्याची हमी देणाऱ्या काढ्यांच्या जाहिरातींना फसणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावं, कारण काही गाठी औषधाशिवायही लहान होतात आणि श्रेय मात्र काढ्याला जातं. राहिला कर्करोगाचा धसका. फायब्रॉइडसारखी दिसणारी गाठ पुढे कर्करोगाची निघणं ही अतिशय दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तरुण वयात तर आणखीच दुर्मीळ.

रिपोर्टवर लिहिलेलं असतं: 'इंट्राम्युरल फायब्रॉइड, 3.2 बाय 2.8 सेंमी, युटेरस बल्की.' घरातले सगळे सेंटिमीटरवर बोट ठेवतात आणि शेजारणीच्या गाठीशी त्याची तुलना करतात. खरं तर पाहायची असते ती जागा. गर्भाशयाच्या आतल्या पोकळीत डोकावणारी दीड सेंटिमीटरची गाठ महिन्याच्या महिन्याला रक्त सांडायला लावते आणि गर्भधारणेतही आड येऊ शकते. उलट बाहेरच्या अंगाला वाढलेली सहा सेंटिमीटरची गाठ काहीही न करता वर्षानुवर्षं बसून राहू शकते. फार तर लघवीच्या पिशवीवर दाब देते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न असा: ही गाठ नेमकी कुठे आहे आणि माझ्या तक्रारी तिच्यामुळेच आहेत का? दुसरा प्रश्न: आज काहीच केलं नाही तर काय होईल? या दोन प्रश्नांची उत्तरं न देता थेट शस्त्रक्रियेची तारीख देणाऱ्या दवाखान्यातून रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात काहीही गैर नाही.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. आपल्या बायका आधीच सगळी दुखणी अंगावर काढतात; त्यांना 'थांबा' म्हणणं म्हणजे आणखी सोसायला सांगणं नव्हे का? हा धोका खरा आहे. मुलगी लहानपणापासून ऐकत आलेली असते, की पाळीत एवढं तर होतंच. दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, रुपयाच्या नाण्याएवढ्या रक्ताच्या गुठळ्या पडतात, आठव्या दिवशीही अंगावरून जात असतं, दोन जिने चढताना धाप लागते, आणि तरी ती कॉलेजला किंवा कामावर जात राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 54 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा राज्यात जास्त रक्तस्राव ही किरकोळ तक्रार मानताच येत नाही. पण थांबणं आणि अंगावर काढणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. थांबायचं ते गाठीच्या बाबतीत. रक्तस्रावावर आणि हिमोग्लोबिनवर उपचार मात्र त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडच्या गोळ्या पाळीच्या दिवसांपुरत्या घेता येतात. संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. गर्भाशयाची पोकळी फार वेडीवाकडी झालेली नसेल तर संप्रेरक सोडणारी तांबी बसवता येते, ती काही वर्षं काम करते. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. यातलं तिला काय चालेल हे डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. यातलं काहीही गर्भाशयाला कायमचं बाधत नाही, आणि यातून मिळालेल्या काळात ती आपल्या आयुष्याचा विचार शांतपणे करू शकते.

शस्त्रक्रिया लागतच नाही, असं माझं म्हणणं नाही. पुष्कळ जणींना ती लागते, आणि योग्य वेळी केली तर त्यांचं जगणं सुसह्य होतं. मुद्दा एवढाच की शस्त्रक्रिया म्हणजे पिशवी काढणं नव्हे. गाठ तेवढी काढून गर्भाशय ठेवता येतं. पोकळीतली गाठ तर योनीमार्गे दुर्बीण घालून, पोटावर एकही टाका न घेता काढतात. गर्भाशय ठेवून फक्त गाठ काढण्याची पद्धत आजची नाही. इंग्लंडमधले शल्यचिकित्सक व्हिक्टर बॉनी यांनी शंभर वर्षांपूर्वी या शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. त्यांच्या पत्नीचं गर्भाशय फायब्रॉइडपायीच तरुणपणी काढावं लागलं होतं. आपल्या मुंबईचाही यात अभिमानाचा वारसा आहे. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि मुंबईचे डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी अंग बाहेर येण्याच्या तक्रारीवर तरुण स्त्रियांचं गर्भाशय शाबूत ठेवणाऱ्या शस्त्रक्रिया शोधल्या. त्या आजही त्यांच्या नावानं शिकवल्या जातात. दुखणं वेगळं, पण तरुण बाईचं गर्भाशय राखण्यासाठी जास्तीची मेहनत घ्यायची ही वृत्ती तीच. रक्तवाहिनीतून बारीक कण सोडून गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याचा उपायही 1995 पासून ज्ञात आहे आणि आपल्या मोठ्या शहरांत तो होतो. मूल हवं असणाऱ्या स्त्रीला मात्र तो सहसा पहिल्यांदा सुचवत नाहीत. गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेलाही उण्या बाजू आहेत: नव्या गाठी येऊ शकतात, आणि भिंतीवर खोल टाके पडले असतील तर पुढचं बाळंतपण सिझेरियननं करावं लागू शकतं. या गोष्टी तिला आधी सांगायला हव्यात. ते ऐकून ती काय निवडते हा तिचा प्रश्न.

पिशवी काढण्याची घाई किती खोल रुजली आहे, हे आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात ज्या स्त्रियांचं गर्भाशय पन्नाशीच्या आत काढलं गेलं, त्यांतल्या निम्म्या जणींची शस्त्रक्रिया 34-35 वयाच्या आतच झालेली होती. यांतल्या सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांत झाल्या. कारण म्हणून सर्वांत जास्त जणींनी जास्त रक्तस्राव सांगितला, त्याखालोखाल गाठी. बीडची गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. 2019 मध्ये नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्याच सुमारास तिथल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली.

यावर कोणी म्हणेल, फडावर राबणाऱ्या बाईला दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि गोळ्या कुठून परवडणार? खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल फिटलेली नसते, आणि पाळीसाठी ना आडोसा असतो ना पाणी. एकदाच ऑपरेशन करून मोकळं होणं तिला शहाणपणाचं वाटलं तर तिला बोल लावणारे आपण कोण? तिला बोल लावायचाच नाही. तिच्यापुढे दुसरा पर्याय ठेवलाच गेला नाही, हे माझं गाऱ्हाणं आहे. आणि 'मोकळं होणं' हेही पूर्ण खरं नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या 2018 च्या अभ्यासात बीजकोश जागेवर ठेवून फक्त गर्भाशय काढलेल्या स्त्रिया पाहिल्या गेल्या. त्यांतल्या 35 वर्षांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांना पुढे हृदय निकामी होण्याचा धोका इतरांच्या साडेचार पट आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा अडीच पट आढळला. बीजकोशही काढले तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडं लवकर झिजू लागतात. अंगमेहनतीवर पोट असलेल्या बाईला कंबर आणि हाडं धरली की कामच सुटतं. म्हणजे आजचा एक खाडा वाचवायला ती पुढच्या वीस वर्षांची मजुरी पणाला लावते. तिच्यासाठी रक्तवाढीची औषधं आणि संप्रेरक सोडणारी तांबी प्राथमिक आरोग्य केंद्रातच मिळणं हे सरकारला अशक्य नाही.

दुसरी अडचण सुशिक्षित घरांतही तेवढीच आहे: निर्णय घेतो कोण? अविवाहित मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली की पहिला प्रश्न लग्नाचा असतो, आणि पुढचं बोलणं तिच्याशी न होता आईशी होतं. सर्वोच्च न्यायालयानं 2008 साली दिल्लीच्या एका प्रकरणात याच मुद्द्यावर निकाल दिला. 44 वर्षांची अविवाहित स्त्री जास्त दिवस रक्तस्राव होतो म्हणून फक्त दुर्बिणीच्या तपासणीसाठी दाखल झाली होती. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली गेली आणि तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. न्यायालयानं सांगितलं, की जिवावर बेतलेलं नसताना सज्ञान स्त्रीच्या वतीनं आईची संमती चालत नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आई-वडिलांचं प्रेम इथे कोणीच नाकारत नाही. त्यांनी सोबत यावं, पैशाचं पाहावं, रात्री जागावं. सही मात्र मुलीची, आणि तीही शुद्धीवर असताना, आपल्या भाषेत समजून घेऊन.

लग्न आणि मुलाची भीती हे या सगळ्याचं मूळ आहे. गाठ असूनही गरोदर राहणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. मूल न होण्याचं एकमेव कारण फायब्रॉइड असणं फार थोड्या जोडप्यांत आढळतं. पोकळीत न डोकावणारी गाठ निव्वळ 'पुढे मूल व्हावं म्हणून' आधीच काढून टाकल्यानं गर्भधारणा सुकर होते, याला भक्कम पुरावा नाही. म्हणून गाठीच्या भीतीनं चोविसाव्या वर्षी मिळेल ते स्थळ गाठायची गरज नाही. उशिरा मूल हवं असेल तर वयाचा विचार करावा लागेल, पण तो गाठ नसलेल्या मुलीलाही करावाच लागतो. आणि होणाऱ्या नवऱ्याला हे सांगायचं का, कधी सांगायचं, हे ठरवताना लपवाछपवी न करणं बरं, कारण पुढे जास्त रक्तस्रावाच्या दिवसांत डॉक्टरकडे जायला तिला घरात कोणाची तरी साथ लागणार आहे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं 2022 मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना ती तीन महिन्यांत स्वीकारायला सांगितलं. जिल्हा पातळीवर देखरेख समित्या त्यात आहेत. महाराष्ट्रानं आता दोन गोष्टी कराव्यात. बीडपुरती असलेली परवानगीची अट, चाळिशीच्या आतल्या स्त्रियांसाठी, राज्यभर लागू करावी. आणि त्या अर्जावर हिमोग्लोबिन किती होतं, आधी कोणती औषधं किती महिने दिली आणि गाठ कुठे होती, हे रकाने भरल्याशिवाय परवानगी मिळू नये. जिवाचा धोका असेल तिथे अर्थातच कागद नंतर. जिल्हावार हे आकडे दरवर्षी जाहीर झाले, तर कोणत्या जिल्ह्यात औषधं न देताच पिशव्या निघतात हे कोणालाही वाचता येईल.