अंगावरची गाठ : लपवू नका, डागू नका, एकदा दाखवा



या पत्रिकेत शेतकी खात्याकडून लागण, खत, पाणी, खोडवा एवढेच वाचायची तुम्हाला सवय आहे. तेव्हा ऊस विकास अधिकाऱ्याने माणसाच्या अंगावरच्या गाठीवर लिहावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. मी डॉक्टर नाही, शेतकी पदविका घेतलेला माणूस आहे. परंतु महाळुंगे पडवळ, कळंब, चास या भागात बांधावर उसाचे बोलणे झाले की सदऱ्याची बाही वर सारून, "साहेब, हे काय असंल वो?" असे हळूच विचारणारे सभासद दरसाल चार-पाच तरी भेटतात. डॉक्टरला दाखवायचे सोडून शेतकी खात्याच्या माणसाला दाखवतात, यावरूनच या विषयावर लिहिण्याची गरज ध्यानात यावी.

ही गाठ कातडीखाली असते. हाताला मऊ लागते, बोटाने दाबली तर इकडून तिकडे सरकते आणि बहुधा दुखत नाही. तिला आपण चरबीची गाठ म्हणतो, डॉक्टर लायपोमा म्हणतात आणि जुनी माणसे अशा सगळ्याच गाठींना आवाळू म्हणतात. साधारण शंभरात एका माणसाला ती असते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान ती जास्त करून दिसते. मान, खांदा, पाठ, दंड, मांडी या तिच्या नेहमीच्या जागा. कोणाला एकच असते, तर कोणाला दहा-वीससुद्धा असतात, आणि अनेक गाठी असल्या तर बऱ्याचदा त्या घराण्यातून आलेल्या असतात. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. हा कॅन्सर नव्हे, आणि पुढे तिचा कॅन्सर होणे ही अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे.

चरबी हे नाव ऐकून काही जण तूप, दूध, शेंगदाणे बंद करतात. त्याने अंग रोडावते, गाठ मात्र तेवढीच राहते. शरीराने ती चरबी पातळ पिशवीत वेगळी बांधून ठेवलेली असते, उपासाने ती उतरत नाही.

आपल्या शेतातलाच दाखला बघा. हरभऱ्याचे रोप उपटले तर मुळांवर गाठी दिसतात. त्या पाहून कोणी औषध मारायला धावत नाही, कारण त्या हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात हे आपल्याला ठाऊक आहे. टोमॅटोच्या मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र आपण चपापतो, कारण त्या सूत्रकृमीच्या असतात आणि प्लॉट बसवतात. म्हणजे गाठ दिसली एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ती कसली आहे हे जाणकाराकडून बघून घ्यावे लागते. पिकाच्या बाबतीत आपण एवढे शहाणपण दाखवतो, मग स्वतःच्या अंगाच्या बाबतीत का नाही?

माझे स्पष्ट मत आहे की या गाठीने आपल्या भागात जेवढे नुकसान केले नसेल, त्याच्या कितीतरी पट नुकसान तिच्यावरच्या घरगुती उपायांनी आणि लोकांच्या बोलण्याने केले आहे. कोणी बिब्बा घालतो, कोणी तापल्या सळईने डाग देतो, कोणी रुईचा चीक लावतो, कोणी दोरा आवळून बांधतो, कोणी सुई खुपसतो. बिब्ब्याने कातडी भाजते, डागाची जखम पिकते, सुईने आतली चरबी काही निघत नाही. साखरेचा आजार असलेल्या माणसाची अशी जखम महिना-महिना भरत नाही. मूळ गाठीचा त्रास काहीच नव्हता आणि माणूस मात्र ऐन लागणीत अंथरुणाला खिळतो. जत्रेत, बाजारात 'गाठ विरघळवणारी' पुडी विकणारेही भेटतात. अशा प्रकारच्या आजारांवर हमखास गुणाच्या जाहिराती करायला १९५४ सालच्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात ठेवा आणि पैसे खिशातच राहू द्या.

दुसरे नुकसान सोयरिकीचे. मुलीच्या दंडावर दोन गाठी दिसल्या म्हणून ठरत आलेले लग्न मोडल्याचे मला माहीत आहे. कोणी 'रक्तदोष' म्हणाले, कोणी महारोगाचे नाव घेतले. महारोगाचे मुख्य लक्षण म्हणजे अंगावरचा बधिर चट्टा, आणि तो रोगसुद्धा गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. चरबीच्या गाठीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. घराण्यातून येते म्हणाल, तर अकाली पिकणारे केसही घराण्यातून येतात. त्यावरून कोणी लग्न मोडत नाही. माझ्या स्वतःच्या दंडावर दोन आणि पाठीवर एक अशा गाठी गेली बारा वर्षे आहेत. डॉक्टरांनी तपासून सोडून दिल्या, मीही सोडून दिल्या. मळ्यात बनियनवर असताना त्या झाकत नाही आणि कोणी विचारले तर सरळ सांगतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. "चरबीचीच असंल" म्हणून न दाखवता घरी बसणे हेही तितकेच वाईट. गाठ भराभर वाढत असेल, लिंबाहून मोठी झाली असेल, दगडासारखी टणक असेल, जागची हालत नसेल, दुखत असेल किंवा एकदा काढून पुन्हा आली असेल, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. गळ्याला किंवा काखेत गाठी येऊन संध्याकाळचा ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर ती क्षयाची शंका समजावी. बायामाणसांनी स्तनातली कोणतीही गाठ, दुखो वा न दुखो, कधीही अंगावर काढू नये. आमच्या मायबहिणी लाजेपायी वर्ष-वर्ष बोलत नाहीत, म्हणून घरातल्या पुरुषांनी आपण होऊन विचारावे. आणखी एक. अनेक वर्षे भरपूर दारू पिणाऱ्या काही पुरुषांच्या मानेभोवती व खांद्यांवर दोन्ही बाजूंनी सारखी चरबी साठते. तो निराळा विकार आहे, आणि त्यात पहिली गोष्ट म्हणजे दारू सोडणे.

साधी गाठ काढलीच पाहिजे असे नाही. परंतु पाठीवरच्या औषध पंपाचा पट्टा तिच्यावर घासत असेल, मोळी खांद्यावर घेताना ती रगडत असेल किंवा शिरेवर दाब येऊन कळ मारत असेल, तर काढून घ्यावी. जागा बधिर करून छोटी चीर देतात, पिशवीसकट गाठ काढतात. बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. आपल्याला जवळ मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. तेव्हा खर्चाची सबब उरलेली नाही.

शेवटी कारखान्याच्या संचालक मंडळाला एक सूचना करतो. गटवार ऊस पीक मेळावे आपण घेतोच. त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना तासभर बोलवावे, आडोशाला एक खोली द्यावी आणि बायकांसाठी बाई डॉक्टर असाव्यात. हंगामात हीच सोय तोडणी मजुरांच्या कोप्यांवरही करावी, कारण मोळ्या उचलणारे खांदे त्यांचे आहेत. माती परीक्षणासाठी आपण पिशवीत माती भरून आणतो. त्याच मेळाव्यात अंगावरची गाठही दाखवून घरी जाता आले, तर पुढची कित्येक वर्षे मनाला लागलेला घोर जाईल.

– ऊस विकास अधिकारी