रेसिंग गेमची परीक्षा वळणावर

सप्टेंबर २०११ मध्ये कोडमास्टर्सचा 'एफ-वन २०११' हा गेम बाजारात आला, तेव्हा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचं उद्घाटनही व्हायचं होतं. ते झालं १८ ऑक्टोबरला. भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० ऑक्टोबरला झाली आणि सेबॅस्टियन फेटेलने ती जिंकली. पण ज्याने गेम विकत घेतला होता, त्याला तो ५.१२५ किलोमीटरचा ट्रॅक त्याआधी महिनाभर घरबसल्या पालथा घालता येत होता. खऱ्या जगातली एखादी जागा तिथे पोचण्याआधीच हाताच्या सवयीची करून द्यायची, ही ताकद दुसऱ्या कुठल्याही प्रकारच्या व्हिडिओ गेममध्ये इतकी नाही.

म्हणूनच 'सगळ्यात खरा गेम कुठला' हा वाद इतका चिवट आहे. १९९७ मध्ये जपानमध्ये काझुनोरी यामाउची यांचा 'ग्रॅन टुरिस्मो' प्लेस्टेशनवर आला. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्ससाठी 'फोर्झा मोटरस्पोर्ट' आणला. तेव्हापासून दोन्ही बाजूंचे चाहते एकमेकांना फोटो दाखवत भांडत आहेत : याच्या बोनेटवरचं प्रतिबिंब बघा, त्याच्या ओल्या रस्त्यावरचा प्रकाश बघा. गेमची परीक्षणंही बहुतेक वेळा याच वाटेने जातात. आधी चित्रांना गुण, मग गाड्यांची संख्या, आणि गाडी चालवायला कशी वाटते हे शेवटच्या परिच्छेदात. हा क्रम उलटा करायला हवा. रेसिंग गेम खरा आहे की नाही आणि मजेचा आहे की नाही, हे दोन्ही एकाच ठिकाणी कळतं : ब्रेक मारून वळणात शिरताना.

एकच वळण घेऊन बघू. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या 'नॉर्डश्लाइफ' या २०.८ किलोमीटरच्या जुन्या ट्रॅकवर 'कारुसेल' नावाचं वळण आहे. रुडॉल्फ काराचिओला हा शर्यतपटू इथे आतल्या बाजूच्या पाण्याच्या चरात चाकं घालून गाडी वळवायचा, अशी त्याची ख्याती. वळणाच्या पूर्ण नावातही त्याचं नाव आहे. त्या चराच्या जागी आता काँक्रीटचा कलता पट्टा आहे. त्याच्या सांध्यांवरून जाताना गाडी हादरत राहते. हे वळण 'ग्रॅन टुरिस्मो ७'मध्ये आहे, 'असेटो कोर्सा'मध्ये आहे आणि २०२४च्या फेब्रुवारीपासून नव्या 'फोर्झा मोटरस्पोर्ट'मध्येही आहे.

'असेटो कोर्सा' हा रोमजवळच्या कुनोस सिम्युलात्सिओनी या छोट्या इटालियन कंपनीचा २०१४चा गेम. त्यातले मुख्य ट्रॅक लेझरने मोजून बनवलेले आहेत, म्हणजे रस्त्याचे उंचवटे आणि खळगेही त्यात उतरले आहेत. फोर्स फीडबॅकचं, म्हणजे रस्त्याचे झटके हातांपर्यंत पोचवणारं, स्टिअरिंग लावून कारुसेलमध्ये शिरलं की काँक्रीटचे सांधे मनगटांना ठोके देतात. थोडं उशिरा वळलात तर पुढची चाकं पट्ट्याच्या वरच्या कडेकडे सरकतात आणि हातातलं स्टिअरिंग अचानक हलकं होतं. पकड सुटल्याची ही खूण पडद्यावर काही दिसण्याच्या आधी मिळते. 'ग्रॅन टुरिस्मो ७' साध्या कंट्रोलरवर यातलं आश्चर्य वाटावं इतकं पोचवतो. प्लेस्टेशन ५च्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचा ट्रिगर बोटाला अडतो, एबीएस सुरू झालं की थरथरतो, आणि खडबडीत काँक्रीट तळव्यांना जाणवतं. 'फोर्झा'त तेच वळण सोपं जातं. गाडी कंट्रोलरच्या स्टिकवर छान बसते, रेषा धरून राहते. नवशिक्याला हा गेम सगळ्यात आधी आपलंसं करेल. पण चूक झाली तर ती का झाली, याची खबर 'असेटो कोर्सा'इतकी चोख मिळत नाही.

ही खबर म्हणजेच वास्तव, असं या लेखाचं म्हणणं आहे. एसटीच्या चालकाने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे फेकले जातात. गाडीचं वजनही तसंच पुढच्या चाकांवर येतं. त्या क्षणी पुढच्या टायरची पकड वाढते आणि मागच्याची कमी होते. कसलेला चालक वळणात शिरतानाही ब्रेक थोडा दाबून ठेवतो तो यासाठी. पण टायरकडे पकडीचा साठा ठरावीक असतो. तो ब्रेकिंगला आणि वळण्याला वाटून द्यावा लागतो आणि वाटणी चुकली की गाडी सरळ तरी जाते, नाहीतर गरकन फिरते तरी. गेम हा हिशोब किती बारकाईने करतो, त्यावर सगळं ठरतं. २०२३चा 'फोर्झा मोटरस्पोर्ट' बनवताना टर्न टेन स्टुडिओने जुनं टायरचं गणित बदललं. पूर्वी प्रत्येक टायर एकाच बिंदूवर रस्त्याला टेकतो असं धरून सेकंदाला ६० वेळा हिशोब व्हायचा. आता बिंदू आठ झाले आणि हिशोब सेकंदाला ३६० वेळा होऊ लागला. आधीच्या 'फोर्झा'शी तुलना करताना या बदलाचा फरक पहिल्याच फेरीत कळतो. जाहिरातीत मात्र मोठी जागा मिळाली ती रंगाच्या थरांना आणि प्रकाशाला.

ग्राफिक्सला काहीच किंमत नाही, असं मात्र नाही. गाडी ताशी २०० किलोमीटरने धावत असेल तर ती सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. सेकंदाला ३० चित्रं दाखवणाऱ्या गेममध्ये दोन चित्रांच्या मध्ये पावणेदोन मीटरहून जास्त रस्ता निघून जातो. ६० चित्रं असतील तर हे अंतर मीटरच्या आत येतं. ब्रेक मारायची जागा हेरायला हा फरक पुरेसा आहे. म्हणून प्रतिबिंबं कमी करून फ्रेम रेट स्थिर ठेवणारा गेम, देखण्या पण अडखळणाऱ्या गेमपेक्षा चांगला. 'ग्रॅन टुरिस्मो ७'ने सुरुवातीला हेच केलं. प्रकाशकिरणांचा हिशोब करून प्रतिबिंबं काढणारं रे ट्रेसिंग गॅरेज, रिप्ले आणि फोटोंपुरतं ठेवलं, शर्यतीत नाही. त्यावर पुष्कळ नाकं मुरडली गेली, पण निर्णय योग्य होता. २०२३च्या फेब्रुवारीत हाच गेम प्लेस्टेशनच्या व्हीआर हेडसेटवर आला, तेव्हा चित्राने चालकाला खरी मदत केली. रस्त्याचा चढ-उतार आणि वळणाची खोली डोळ्यांना कळू लागली. सपाट पडद्यावर ते कधीच नीट कळत नाही.

याच्या अगदी उलट टोकाला 'आर्ट ऑफ रॅली' आहे. २०२०चा हा गेम वरून, लांबून दिसतो. झाडं म्हणजे साधे रंगीत आकार, गाड्यांवर बारकावे नाहीत. तरीही खडी, बर्फ आणि डांबर यांवर गाडी वेगवेगळी घसरते, आणि दोन-तीन संध्याकाळी खेळल्यावर खेळाडू वळणाच्या आधीच मागचा भाग सोडायला शिकतो. १९९८चा 'ग्रँड प्रिक्स लेजंड्स' तर आज बघायला ओबडधोबड वाटतो. १९६७च्या फॉर्म्युला वन हंगामावर बेतलेल्या त्या गेमने भल्याभल्यांना पहिल्याच वळणावर गवतात पाठवलं होतं. त्याच्या निर्मात्यांपैकी डेव्हिड केमर यांनी पुढे 'आयरेसिंग' हे ऑनलाइन शर्यतींचं सिम्युलेटर उभारलं. ते २००८ पासून सुरू आहे आणि जगातले व्यावसायिक शर्यतपटू त्यावर सराव करतात.

आणि हा सराव खऱ्या डांबरावर उतरतो, हे आता सिद्ध झालेलं आहे. गेम खेळणाऱ्यांमधून खरे शर्यतपटू निवडणाऱ्या सोनी आणि निस्सान यांच्या 'जीटी अकॅडमी' या स्पर्धेतून आलेला लुकास ओर्दोनेझ २०११ मध्ये ले मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसरा आला. यान मार्डेनबरो २०१३ मध्ये तिथेच गटात तिसरा आला. २०१४ मध्ये ही स्पर्धा भारतातही झाली. २०१९च्या जानेवारीत मेक्सिको सिटीतल्या 'रेस ऑफ चॅम्पियन्स'मध्ये एन्झो बोनितो या गेम खेळणाऱ्या तरुणाने फॉर्म्युला ई विजेत्या लुकास दी ग्रासीला हरवलं. मे २०२४ मध्ये फॉर्म्युला वन चालक मॅक्स व्हर्स्टॅपेनने इमोलाच्या ग्रांप्रीच्या शनिवार-रविवारीच 'आयरेसिंग'वरच्या न्युर्बुर्गरिंगच्या चोवीस तासांच्या शर्यतीत गाडी चालवली. त्याच्या संघाने ती जिंकली आणि रविवारी त्याने इमोलाही जिंकलं.

तरीही खुर्चीत बसून शरीराला काही कळत नाही. मान एका बाजूला ओढली जात नाही, भीती वाटत नाही. मार्डेनबरोची गाडी २०१५ मध्ये याच नॉर्डश्लाइफवर हवेत उडाली आणि कुंपणापलीकडे गेली. त्यात एका प्रेक्षकाचा जीव गेला.  

टक्कर हा तर या महागड्या गेमचा सगळ्यात कमजोर भाग. 'ग्रॅन टुरिस्मो'त ताशी दीडशेने भिंतीवर आदळलेली गाडी थोडी चेपते आणि पुढे निघते. पत्रा खऱ्यासारखा वाकतो तो ब्रेमेनच्या कंपनीच्या 'बीमएनजी ड्राइव्ह'मध्ये. त्यात प्रत्येक गाडी सांध्यांनी जोडलेल्या सांगाड्यासारखी बनवलेली आहे, त्यामुळे कुठून किती जोरात धडक बसली यावर दरवाजा अडकतो, रेडिएटर फुटतो, चाक वाकडं होतं. त्यातल्या गाड्या मात्र काल्पनिक आहेत. नामांकित कंपन्यांच्या परवान्याने आलेल्या गाड्या गेममध्ये चुरगळलेल्या सहसा दिसत नाहीत. बॅज खरा असेल तर धडक खोटी आणि धडक खरी असेल तर बॅज खोटा, अशी ही स्थिती आहे.

मजेकडे वळलं की लोक सरळ समीकरण मांडतात : वास्तव वाढलं की मजा कमी. हे पटण्यासारखं नाही. 'फोर्झा होरायझन ५' २०२१ मध्ये आला. मेक्सिकोच्या वाळवंटातून, पावसाळी जंगलातून आणि ग्वानाह्वातो शहराच्या बोळांतून मोकळं हिंडायचं, चूक झाली तर एक बटण दाबून काळ मागे घ्यायचा. वास्तवाच्या कसोटीवर तो नापास होईल, पण त्याचे नियम पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत बदलत नाहीत. 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' या बाबतीत आणखी पुढे जातो. त्यात गाड्या केळीच्या सालीवर घसरतात, आणि त्याच्या सहा कोटींहून जास्त प्रती खपल्या आहेत. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंमध्ये ज्यांनी शाळा सुटल्यावर तासाच्या हिशोबाने 'रोड रॅश' आणि २००५चा 'नीड फॉर स्पीड : मोस्ट वॉन्टेड' खेळला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. 'मोस्ट वॉन्टेड'ची बीएमडब्ल्यू एम-थ्री जीटीआर खऱ्या गाडीसारखी मुळीच चालत नव्हती, पण पोलिसांच्या गाड्यांमधून ती कशी निसटेल, हे कीबोर्डच्या चार बाणांवर पक्कं ठाऊक असायचं. भौतिकशास्त्र खोटं असलं तरी चालतं, ते दर फेरीला तेच असावं लागतं.

मजा घालवते ती वेगळीच गोष्ट. मार्च २०२२ मध्ये 'ग्रॅन टुरिस्मो ७'च्या अपडेटमुळे सर्व्हर एक दिवसाहून जास्त बंद पडले. हा गेम जवळजवळ पूर्णपणे इंटरनेटवर टांगलेला असल्याने एकट्याने खेळणाऱ्यांचंही खेळणं थांबलं. सुरू झाल्यावर काही शर्यतींची बक्षिसं कमी झालेली दिसली. या गेममध्ये काही दुर्मीळ गाड्यांची किंमत दोन कोटी क्रेडिट्सच्या घरात जाते आणि क्रेडिट्स खऱ्या पैशानेही विकत मिळतात. खेळाडू चिडले. यामाउची यांनी माफी मागितली, दहा लाख क्रेडिट्स दिले आणि पुढच्या महिन्यात बक्षिसं वाढवली. 'फोर्झा मोटरस्पोर्ट'ने वेगळी चूक केली. साधा इंजिनचा भाग बदलायचा तर तीच गाडी तासन्‌तास चालवून तिची 'लेव्हल' वाढवायला लावली. मार्च २०२४ मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. आठ बिंदूंचा टायर बनवणाऱ्या इंजिनिअरांची मेहनत त्या नियमाखाली पाच महिने झाकून राहिली, हे वाईट झालं.

आणखी एक गोष्ट ग्राहकाने पैसे देण्याआधी जाणून घ्यावी. खऱ्या गाड्या आणि खरी गाणी परवान्यावर येतात आणि परवाना संपतो. 'फोर्झा होरायझन ४' याच कारणाने १५ डिसेंबर २०२४ रोजी विक्रीतून गेला. ज्यांनी आधी घेतला त्यांच्याकडे तो राहिला. युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चं त्याहून वाईट झालं. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला गेम कुणालाच सुरू करता येईना. याउलट 'असेटो कोर्सा' वयाची दहा वर्षं उलटूनही जिवंत आहे, कारण त्यात हौशी लोकांना स्वतः बनवलेल्या गाड्या आणि ट्रॅक घालता येतात. बुद्ध सर्किटही त्यांनी त्यात आणलं आहे. दीर्घायुष्याला गुण द्यायचे तर तो सगळ्यांच्या पुढे जाईल.

म्हणून निवड चित्र बघून नव्हे, हातात काय आहे हे बघून करावी. फक्त कीबोर्ड असेल तर 'असेटो कोर्सा' छळेल. तिथे 'मोस्ट वॉन्टेड' किंवा 'आर्ट ऑफ रॅली' बरा. पीसी आणि कंट्रोलर असेल तर 'फोर्झा होरायझन ५'. प्लेस्टेशन ५ असेल तर 'ग्रॅन टुरिस्मो ७', कारण त्याचा कंट्रोलर जितकं सांगतो तितकं दुसऱ्या गेममध्ये क्वचितच कळतं; पीसीवर मात्र तो गेम नाही. आणि वीस-पंचवीस हजार बाजूला काढता येत असतील, तर नवं ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी फोर्स फीडबॅकचं स्टिअरिंग घ्यावं, टेबलाला घट्ट आवळावं आणि 'असेटो कोर्सा'त एखादी साधी, कमी ताकदीची गाडी घेऊन कारुसेलला जावं. फेरारी नंतर.