सोनुबाईंचे भक्त

२०१४ च्या ऑक्टोबरमध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली आणि मुंबई सिटी एफसीने फ्रेडी ल्युंगबर्गला वाजतगाजत आणलं. आर्सेनलच्या त्या गाजलेल्या अपराजित संघातला हा मोहरा. वय ३७, निवृत्ती दोन वर्षांपूर्वीच जाहीर केलेली. दुखापतींनी त्याला चारच सामने खेळू दिले आणि त्यांत गोल एकही नाही. दुसरं मोठं नाव निकोलस आनेल्का. तो बंदी सोबत घेऊनच आला, त्यामुळे सुरुवातीला बाहेरच बसला. पुढे ७ सामन्यांत २ गोल. आठ संघांत मुंबई सातवी आली. एवढ्यावर शहाणपण यावं, तर पुढच्या वर्षी प्रशिक्षकपदही आनेल्काच्याच हाती दिलं. मुंबई सहावी.

बाकी शहरांनी वेगळे दिवे लावले नाहीत. दिल्लीत देल पिएरो, १० सामन्यांत १ गोल. पुण्यात त्रेझेगे, ९ सामन्यांत २. गोव्यात चाळिशी ओलांडलेला पिरेस, ८ सामन्यांत १. तिघेही विश्वचषक जिंकलेले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! सगळेच असे निघाले नाहीत हेही सांगायला हवं. चेन्नईकडून एलानोने ८ गोल केले, आणि २०१६ मध्ये दिएगो फोर्लान मुंबईत आला तेव्हा मुंबईने साखळीत पहिला नंबर काढला. पण प्रत्येक संघाकडे एक ‘मार्की’ खेळाडू हवाच असा जो दंडक होता, तो फोर्लानसारख्याच्या खेळासाठी नव्हता. तो पोस्टरसाठी होता.

या म्हाताऱ्या वाघांना दोष देणं मला पटत नाही. त्यांनी लपवलं काय? वय जगजाहीर होतं, दुखापती जगजाहीर होत्या. त्यांनी नाव विकायला काढलं, आपण ते घेतलं. बरं, फसलं कोण? मालकांना प्रसिद्धी मिळाली, वाहिन्यांना जाहिराती मिळाल्या, प्रेक्षकांना सेल्फी मिळाले. कुणीच फसलं नाही, आणि शरमेची गोष्ट हीच आहे. जग उगवत्या सूर्याला नमस्कार करतं म्हणतात. आपण मावळून गेलेल्याला करतो, वर त्याचं तिकीट काढतो.

ही खोड फुटबॉलने लावलेली नाही. माणूस काय करतो हे नंतर, तो कोण हे आधी, ही शिकवण आपल्या हाडीमाशी जातीने भिनवली. आडनाव ऐकल्याशिवाय पाण्याचा पेला पुढे न करणाऱ्या घरांतून आपण आलो. आता उघडपणे आडनाव विचारत नाही, तर पॅकेज विचारतो, कॉलेज विचारतो, ‘कुठल्या कंपनीत’ ते विचारतो. डॉक्टरच्या पाटीवर परदेशातली दोन अक्षरं दिसली की फी वाढवून दिलेली आपल्याला खटकत नाही. समोरच्याचं काम स्वतःच्या डोळ्यांनी पाहून त्याची पारख करायला वेळ लागतो, मेहनत लागते आणि मुख्य म्हणजे चुकण्याची तयारी लागते. ती आपल्याकडे नाही. म्हणून कुणीतरी आधीच ठोकलेला शिक्का आपल्याला हवा असतो. युरोपने पंधरा वर्षांपूर्वी ठोकलेला असला तरी चालतो, शाई वाळलेली असली तरी चालतो.

आणि ज्याच्यावर असा शिक्का नाही त्याचं काय होतं, ते अंधेरीने पाहिलं. १ जून २०१८ ला शहाजी राजे क्रीडा संकुलात भारताने चायनीज तैपेईला ५–० ने लोळवलं. सुनील छेत्रीची हॅटट्रिक. स्टेडियममध्ये माणसं जेमतेम अडीच हजार. दुसऱ्या दिवशी देशाच्या कप्तानाने व्हिडिओ टाकला: या, आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या. तेव्हा कुठे ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. तो त्याचा शंभरावा सामना होता. सांताक्रूझहून अंधेरी दोन स्टेशनं. आमच्या वाकोल्यातून रिक्षाने जायचं तर वेस्टर्न एक्सप्रेस हायवे आहेच. तेवढं अंतर आम्ही कापावं म्हणून कप्तानाला पदर पसरावा लागला. याच छेत्रीने २०१५ मध्ये मुंबई सिटीकडून ७ गोल केले होते, लीगमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला भारतीय ठरला होता. पण तो मोसम लोकांच्या लक्षात आहे तो ‘आनेल्कावाला’ म्हणून.

पिकतं तिथं विकत नाही, याचा याहून मोठा दाखला हवा असेल तर राहुल भेकेचा घ्या. मुंबईचा मराठी मुलगा, बचावपटू. २०१९ मध्ये बेंगळुरूला लीग जिंकून देणारा अंतिम सामन्यातला एकमेव गोल याचा. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबई सिटीने इराकच्या एअर फोर्स क्लबला २–१ ने हरवलं. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना, आणि विजयी गोल भेकेच्या डोक्याने झालेला. मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला हरवून लीगचा चषक मुंबईने उंचावला तोही याच्याच नेतृत्वाखाली. वाकोल्यात दत्तमंदिर रोडच्या गल्ल्यांत संध्याकाळी पोरं खेळतात, त्यांच्या पाठी वाचा. मेस्सी, रोनाल्डो, एम्बापे. भेके एकाही पाठीवर नाही. पोरांना बोल लावू नका. फूटपाथवर जी जर्सी मिळते ती ती घेतात. भेकेची तिथे येतच नाही, कारण मागणारे बाप नाहीत.

वाकोल्याला तर फुटबॉल परका नव्हता. इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती वस्त्यांत तो क्रिकेटच्या बरोबरीने मुरलेला. शेजारी कलिन्यात एअर इंडियाची वसाहत. एअर इंडियाचा संघ म्हणजे नुसता अकरा जणांचा चमू नव्हता, ती पक्की नोकरी होती. ‘बॉल लाथाडून पोट भरणार का?’ असं बापाने विचारलं, तर पोराला दाखवायला एअर इंडियाचं नेमणूकपत्र होतं. २०१३ मध्ये परवान्याच्या अटींवर तो संघ आय-लीगमधून बाद झाला. पुढे विमान कंपनी खासगी झाली आणि वसाहतही रिकामी करवली. त्याआधी २०१० मध्ये महिंद्रा युनायटेड बंद झाला, राष्ट्रीय लीग जिंकून चार वर्षं होतात न होतात तोच. २०१७ मध्ये मुंबई एफसी हा वेगळा क्लब गेला. १८९१ पासूनची रोव्हर्स कप स्पर्धा तर नव्या शतकाच्या तोंडावरच थांबली होती. यांतल्या कुठल्या मयताला आपण गेलो? ल्युंगबर्गच्या चार सामन्यांवर हळहळणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

मालक, संघटना, सरकार यांना झोडपणं सोपं आहे आणि ते झोडपण्याच्या लायकीचे आहेतही. पण आपापल्या सोसायटीच्या फाटकावरची पाटी एकदा वाचा. ‘आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.’ आवार कशाला राखलंय? गाड्यांना. चुकून चेंडू एखाद्या बॉनेटवर आदळला तर तो जप्त होतो, आणि आठवड्याने परत मिळतो तो ब्लेड मारून. हे करणारे कमिटीचे सन्माननीय सभासद रात्री साडेबाराला युरोपातला सामना लावून बसतात आणि भारताचा फुटबॉल का सुधारत नाही यावर व्हॉट्सॲपवर प्रवचन झोडतात. खेळाला मारणारे हात यांचेच, आणि पुतळ्याला हार घालणारेही. मुलगा दहावीला गेला की बूट माळ्यावर टाकणारी आई आणि शाळेचं मैदान लग्नाला भाड्याने देणारे विश्वस्त यांच्याच पंगतीतले.

मुंबई सिटीने पुढे चार मोसमांत दोनदा लीगचा चषक जिंकला तो उतारवयातल्या ताऱ्यांना गोळा करून नव्हे. २०२१ च्या अंतिम सामन्यात ९० व्या मिनिटाला गोल करणारा बिपिन सिंग मणिपूरचा. तिथल्या पोरांच्या चेंडूला कुणी ब्लेड मारत नसावं.

एवढं होऊन आपण काय शिकलो, ते डिसेंबर २०२५ ने दाखवलं. फुटबॉल महासंघाचा लीग चालवणाऱ्या कंपनीशी असलेला पंधरा वर्षांचा करार ८ तारखेला संपला. एरवी सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणारी लीग सुरूच झालेली नव्हती. खेळाडू जाहीरपणे सांगत होते की आम्हाला फक्त खेळायचं आहे. त्याच आठवड्यात मेस्सी आला. १३ ला कोलकात्यात हजारो रुपये मोजून आलेल्यांना त्याचं नीट दर्शन झालं नाही, म्हणून त्यांनी खुर्च्या मोडल्या, बाटल्या फेकल्या. सामना नव्हताच, चिडले ते दर्शन हुकलं म्हणून. १४ ला वानखेडेवर आपली मुंबई शिस्तीत वागली, याचा आपल्याला अभिमानही वाटला. तिथे मेस्सीने सही केलेली जर्सी सुनील छेत्रीला दिली आणि मैदान टाळ्यांनी दुमदुमलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत किती जणांना ठाऊक होतं की त्या दिवशी छेत्रीला खेळायला देशात लीगच नव्हती?